थांबा, चेक करते

२९ ऑगस्ट

भाऊजी,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते हे मला ठाऊक आहे. ती शेवटी विचारीन. आत्ता डोकं तापलेलं आहे.

आज ह्यांच्या क्लबाची चिठ्ठी आली. ओळी पाच, चुका सात. "शोकाकुल"मधला कु दीर्घ काढलाय, आणि तो दुःखाने दीर्घ झाला असेल असं मी मुळीच मानत नाही. मजकूर असा, की सभासदाच्या निधनाने सभासदत्व संपलं, पत्नीने लॉकरची किल्ली आणून द्यावी, आणि वर्षातून एकदा चहाला पाहुणी म्हणून यावं.

किल्ली घेऊन मी स्वतः गेले. बावीस वर्षं हे दर गुरुवारी दुपारी तिथे पत्ते खेळायला जायचे, पण तो जिना मी पहिल्यांदा चढले. वर एक लांबट खोली, ठिगळ लावलेल्या हिरव्या कापडाची दोन गोल टेबलं, आणि खिडकीपाशी ह्यांची वेताची खुर्ची. खुर्चीवर कुणीतरी छत्री वाळत टाकली होती. मी छत्री काढून जमिनीवर ठेवली आणि सेक्रेटरींना म्हटलं, मला सभासद व्हायचंय. ते म्हणाले, नव्या सभासदांची यादी बंद आहे. म्हणाले, बाई, तुम्ही घरी आराम करा.

आराम. भाऊजी, बावीस वर्षं गुरुवारची दुपार माझी एकटीची होती आणि मला ती फार आवडायची. आता सातही दुपारी माझ्या एकटीच्या आहेत.

भिंतीवर नियम लावलेत. छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासल्यावर भिंतीवरचं वाचल्याशिवाय मला हलता येत नाही. नियम अकरा: वार्षिक पोकर स्पर्धेत दिवंगत सभासदाच्या घरातील एक व्यक्ती भाग घेऊ शकेल, ती जिंकल्यास तिला तहहयात सभासदत्व मिळेल. सेक्रेटरी म्हणाले, हा नियम मुलांसाठी आहे. मी म्हटलं, व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी आहे; "ती" जिंकल्यास "तिला" असं तुम्हीच लिहिलंय. व्याकरणाने बघितलं तर मुलांनाच अडचण यावी. पत्ते वाटणारे निवृत्त तिकीट तपासनीस मागे उभे होते, ते हसले. माझं नाव लिहून घ्यावं लागलं.

स्पर्धा सात तारखेपासून तीन गुरुवार. मला पोकर येत नाही. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी पत्त्यांना हात लावू दिला नव्हता. तुम्ही तीस वर्षं जहाजावर रेडिओ सांभाळलात, म्हणजे तीस वर्षं पत्ते खेळलात. शिकवा.

कसे आहात?

तुमची वहिनी

—

२ सप्टेंबर

वहिनींना सप्तांग नमस्कार. आठवं अंग सध्या रजेवर आहे, चौकशी करू नये.

कुठला हात कुठल्याहून मोठा ते वेगळ्या कागदावर लिहिलंय, पाठ करा. खेळ असा: प्रत्येकाला दोन पत्ते, ते फक्त त्यानेच बघायचे. मध्ये पाच पत्ते उघडतात, ते सगळ्यांचे. सात पत्त्यांतून ज्याचा हात मोठा, त्याचा डाव. किंवा बाकीचे घाबरून सुटले तर जो उरला त्याचा. स्पर्धेत सगळ्यांना सारख्या चकत्या मिळतात. त्या संपल्या की घरी.

आता महत्त्वाचं. दर डावात पाळीपाळीने एकाला पत्ते बघण्याआधीच चकत्या भराव्या लागतात. ती पाळी म्हणजे बिग ब्लाइंड. भरलेल्या चकत्या तुमच्या राहिल्या नाहीत, हे मनावर कोरून ठेवा. त्या माझ्या होत्या म्हणून त्यांच्यामागे धावलात तर उरलेल्याही जातील. पण दुसऱ्याने वाढवलं तर तुम्हाला फक्त वरचा फरक भरायचा असतो. तुम्ही आधीच दारात उभ्या आहात, आत यायला स्वस्त पडतं. म्हणून जरा बरे पत्ते असले तरी सोडू नका.

मग मध्ये एकदम तीन पत्ते उघडतात, तो फ्लॉप. तिथे आधी बोलायची पाळी बहुतेक वेळा तुमचीच. भलेभले तिथेच वाया जातात. तुम्ही एकच करा: फ्लॉप पडला की आधी चेक. नेहमी चेक. मग ज्याने वाढवलं होतं त्याला बोलू द्या, आणि मग ठरवा.

आपला धाकटा

—

८ सप्टेंबर

भाऊजी,

अठरा जण होते, दहा उरलो. मी उरले.

तुम्ही सांगितलं ते अक्षरशः केलं. फ्लॉप पडला की मी म्हणते, "थांबा, चेक करते." चष्मा लावते, माझ्या दोन पत्त्यांचे कोपरे उचलते, प्रुफाच्या ओळीखाली धरायचे तसा अंगठा धरते, आणि एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वाचते. पत्ते मधल्या वेळात बदलतात की काय, ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण तपासायला माझी कधीच ना नसते. लोक मात्र सभ्य निघाले. मला वेळ मिळावा म्हणून तपासनीस टेबलावर बोट आपटतात आणि तेवढ्यात पुढच्याला बोलायला सांगतात.

एकदा माती खाल्ली. बिग ब्लाइंड माझी, हातात राणी आणि तिर्री. सेक्रेटरींनी वाढवलं. मी फरक भरला. फ्लॉपवर एक्का, राजा, नव्वी. माझं त्यात काहीही नव्हतं. पण आधी भरलेल्या चकत्या समोर दिसत होत्या आणि त्या त्यांना नेऊ देववेना. ते लावत गेले, मी भरत गेले. त्यांच्याकडे एक्का होता. चकत्या ओढून घेताना ते म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदलून घ्या, बाई."

छत्री पुन्हा खुर्चीवर होती. मी पुन्हा खाली ठेवली.

आठवं अंग कुठलं?

तुमची वहिनी

—

११ सप्टेंबर

वहिनी,

तुमचं पत्र वाचून एवढा हसलो की इथल्या बाई धावत आल्या.

चूक माझी. चेक म्हणजे तपासा नव्हे. पोकरात चेक म्हणजे "मी आत्ता काही लावत नाही, पुढच्याने बोलावं." तपासनीस बोट आपटतात ते सौजन्य नव्हे, त्यांनी तुमचा चेक नोंदवला. म्हणजे चुकीचं वाचून तुम्ही बरोबर खेळलात.

आणि आता हात जोडून सांगतो, हे थांबवू नका. पोकरवाल्यांची पक्की समजूत आहे की ज्याला चांगला हात लागला तो पत्ते पुन्हा बघत नाही. पुन्हा बघणारा गोंधळलेला, म्हणजे कच्चा. सेक्रेटरी तेच समजलेत. फक्त पत्ते चांगले असोत की वाईट, दर वेळी सारखंच बघा.

राणी-तिर्रीचा धडा असा. पत्ते वाटल्यावर जो वाढवतो त्याच्याकडे बहुधा मोठी चित्रं असतात. एक्का-राजा पडले तर फ्लॉप त्याचा. सोडा आणि खिडकीबाहेर बघा. पण तुम्ही स्वस्तात आत आलेल्या, तुमच्या हातात सत्ती, पंजी, चौकी असला कुठलाही चिल्लर माल असू शकतो. म्हणून फ्लॉपवर चिल्लर पडली तर तो तुमचा. तिथेही आधी चेकच. त्याला वाटू द्या की आपलंच राज्य आहे. त्याने लावलं, की त्याच्यावर वाढवा.

आपला धाकटा

—

१५ सप्टेंबर

भाऊजी,

पाच उरलो, त्यात मी आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही.

काल चहाच्या सुट्टीत मी जिन्याजवळ हात धूत होते. पलीकडे सेक्रेटरी आणि दातांचे डॉक्टर बोलत होते. सेक्रेटरी म्हणाले, "धर्मादायाची बायको आहे ती. तिच्या ब्लाइंडवर वाढवत जा, सुटेल. नवरा बावीस वर्षं सुटत होता." डॉक्टरही हसले, पण जरा कमी.

धर्मादाय. ह्यांना तिथे त्या नावाने हाक मारायचे. दर गुरुवारी घरी येऊन चप्पल काढता काढता हे मला सांगायचे, आज बरं झालं. आणि मी दुसऱ्या खोलीतून छान म्हणायची, मान वर न करता. मला वाटायचं, हे तिथले उस्ताद आहेत. तुम्हाला हे माहीत होतं का, एवढंच एका वाक्यात कळवा.

नंतर मी रागाने एकही डाव खेळले नाही, ह्याचं श्रेय सिस्टरांना. पाच वेळा चित्रं पडली, पाच वेळा सोडलं. एकदा पंजी, तिर्री, दुर्री पडली आणि माझ्या हातात पंजीच होती. डॉक्टरांनी लावलं, मी वाढवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पत्ते टाकले. दर वेळी मात्र मी पत्ते नीट दोनदा बघितले. आधी माझ्या मनाला टोचलं, की ही लबाडी होते का. मग ठरवलं, नाही होत. मी खरोखरच बघते. त्यातून कुणी काय समजायचं ते त्यांचं त्यांनी समजावं. अर्थाला प्रुफवाला जबाबदार नसतो.

आणि तुमचं. दोन्ही पत्रं पेन्सिलीत आहेत, कारण पाठीवर झोपलेल्याचं पेन चालत नाही. ओळी उजवीकडे वर चढतात. "इथल्या बाई" धावत येतात. एक अंग रजेवर आहे. भाऊजी, तुम्ही कुठल्या हॉस्पिटलात आहात आणि काय मोडून घेतलंत?

तुमची वहिनी

—

१८ सप्टेंबर

वहिनी,

घोटा. दिवा बदलायला स्टुलावर चढलो, दिवा बदलला, स्टूल सरकलं. प्लास्टर अजून तीन आठवडे आहे. तुम्ही गाडी पकडून याल आणि स्पर्धा बुडवाल म्हणून लिहिलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात होत नाही.

मला माहीत होतं. दादाला लहानपणापासून पत्ते लक्षात राहायचे नाहीत. बघून खाली ठेवले की फ्लॉप पडेपर्यंत डोक्यातून पुसले जायचे. क्लबात पहिल्याच वर्षी त्याने पत्ते पुन्हा उचलून बघितले आणि कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "पाठ होईनात का?" सगळी खोली हसली. त्यानंतर बावीस वर्षांत त्याने पत्ते दुसऱ्यांदा उचलले नाहीत. आपल्याकडे काय आहे ते आठवत नसताना लावायचं कसं? म्हणून तो सोडून द्यायचा. म्हणजे ब्लाइंड भरायची, कुणी वाढवलं की हसून सोडायची, आणि चकत्या संपल्या की खिडकीपाशी बसून रस्ता बघायचा. ती खुर्ची त्याला मनापासून आवडायची, ते मात्र खरं.

तुम्हाला सांगू नकोस म्हणाला होता. त्याचे शब्द सांगतो. "तिची एक वेलांटी सुटत नाही रे, आणि मला दोन पत्ते धरवत नाहीत. तिला कशाला सांगायचं?"

आता तुम्ही हे रागावून खेळायला वापरू नका. भरलेलं गेलं. पुढचे पत्ते बघा.

आपला धाकटा

—

२२ सप्टेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र परवा आलं. ते मी दोनदा वाचलं, आणि मग एकदा अजून, जे मी कधी करत नाही. काल पर्समध्ये घालून नेलं.

पाचांतले दोघे पहिल्या तासात गेले. डॉक्टर तिसरे गेले. उठताना त्यांनी माझी खुर्ची जरा पुढे सरकवून दिली. उरलो सेक्रेटरी आणि मी. दोघेच उरले की एक डाव सोडून एक डाव बिग ब्लाइंड आपलीच. मी दोन-तीनदा चिल्लर फ्लॉप मिळवले, चित्रांचे सोडले. ते दर डावानंतर एका छोट्या वहीत काहीतरी टिपत होते. वही उलटी होती, पण छापखान्यातले शिशाचे खिळे मी चौतीस वर्षं उलटेच वाचले. त्यात लिहिलं होतं: पत्ते परत बघते, म्हणजे हातात काही नाही. "हातात"मध्ये एक त जास्तीचा पडला होता.

मग तो डाव आला. चकत्या जवळजवळ सारख्या, माझ्या तीन जास्त. ब्लाइंड माझी. त्यांनी थोडं वाढवलं. माझ्याकडे बदाम छक्की आणि किल्वर चौकी. तुमच्या भाषेत निव्वळ चिल्लर माल, पण आत यायला दोनच चकत्या. भरल्या.

फ्लॉप: छक्की, चौकी, दुर्री. तीन वेगळ्या रंगांचे. मला दोन जोड्या लागल्या होत्या.

"थांबा, चेक करते," मी म्हटलं.

भाऊजी, ह्या वेळी पत्ते मला पाठ होते. तरी चष्मा लावला, कोपरे उचलले, अंगठा धरला. एकदा माझ्यासाठी बघितले आणि एकदा ह्यांच्यासाठी. घाई केली नाही. तपासनीसांनी बोट आपटलं.

सेक्रेटरी मागे रेलले आणि म्हणाले, "पाठ होईनात का, बाई?"

तेच शब्द, भाऊजी. तोच माणूस असणार, आणि आपण ते पूर्वी कुणाला म्हटलं होतं हे त्याच्या गावीही नाही. पर्स माझ्या मांडीवर होती. मी म्हटलं, "नाही होत. तुम्ही बोला."

त्यांनी भरपूर लावलं. मी त्यावर वाढवलं. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा वहीकडे बघितलं, आणि सगळ्या चकत्या दोन्ही हातांनी पुढे लोटल्या. मी म्हटलं, आहे, आणि तेवढ्याच माझ्याही पुढे केल्या.

त्यांनी गुलामांची जोडी उलटवली. मी छक्की-चौकी. अजून दोन पत्ते यायचे होते. गुलाम आला तर मी गेले, आणि दुर्री आली तरी गेले, कारण मग त्यांच्याही दोन जोड्या झाल्या असत्या, माझ्याहून मोठ्या. पहिली आली राणी. शेवटच्या पत्त्याला मी सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थना म्हणायला घेतली आणि पत्त्यांसाठी ती चालते का, ह्याच विचारात अर्ध्यावर अडकले. तपासनीसांनी पत्ता उलटवला. नव्वी.

मी जिंकले.

सेक्रेटरींना ते लगेच मान्य होईना. म्हणाले, ही फसवणूक आहे, हात लागलेला असताना पुन्हा पत्ते बघायचे म्हणजे समोरच्याची दिशाभूल. तपासनीस शांतपणे पत्ते गोळा करत म्हणाले, "स्वतःचे पत्ते बघायला तिकीट लागत नाही, साहेब." आणि खोली हसली. बावीस वर्षांनी हसली, पण ह्या वेळी बरोबर माणसाला.

सभासदाचा अर्ज तिथेच भरला. अर्जात दोन चुका होत्या, त्या आधी दुरुस्त केल्या आणि मगच सही केली. लॉकरची किल्ली माझ्याकडेच राहिली. लॉकरमध्ये ह्यांचा एक स्वेटर आहे आणि रस्त्यावरच्या माणसांची पेन्सिलीने काढलेली चित्रं, शंभर तरी असतील. खिडकीतून दिसणारी. हे चित्रं काढायचे हे तुम्हाला माहीत होतं का? असेल तर ह्या वेळी तुम्हाला माफ केलं.

तुमची वहिनी

—

२५ सप्टेंबर

वहिनी,

तुमचं पत्र वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवलं. सहा खाटा आहेत. नव्वी पडली तेव्हा पलीकडच्या खाटेवरच्या दोन्ही हात प्लास्टरमध्ये असलेल्या गृहस्थांनी पायांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी दम भरला, मग कोपऱ्यात उभं राहून शेवटचं पान स्वतः वाचलं.

चित्रांचं मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. एक पाठवा.

नमस्कार अजून सप्तांगच.

आपला धाकटा

—

२९ सप्टेंबर

भाऊजी,

एक चित्र सोबत आहे. रस्त्यातल्या दुकानाच्या पायरीवर चप्पल हातात घेऊन उभी असलेली बाई. ती कोण ते मला कळलं आहे, तुम्हीही ओळखाल. त्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि क्लबाच्या खिडकीतून आपल्याला कुणी बघत असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

काल सभासद म्हणून पहिला गुरुवार. विजेत्यांच्या फळीवर रंगाऱ्याने माझं नाव लिहायला घेतलं होतं. मी शिडीखाली उभं राहून "स्पर्धा"वरचा रफार जागेवर आणवला आणि वरच्या सेक्रेटरींच्या नावातली चूकही दुरुस्त करवली. सात वर्षं चुकीचं नाव भिंतीवर होतं आणि त्या गृहस्थांना पत्ता नव्हता. ते पुटपुटले, ते आभार असावेत. छत्री दाराशी छत्र्यांच्या जागी होती. मी खुर्चीवर बसले. तिथून सगळा रस्ता दिसतो.

पण सांगायचं ते वेगळंच. खेळ सुरू झाला. ब्लाइंड डॉक्टरांची होती. फ्लॉप पडला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे डॉक्टर जरा थांबले, माझ्याकडे एक नजर टाकली, खिशातून चष्मा काढला आणि आपले पत्ते उचलून पुन्हा बघितले. चांगले सावकाश. कुणी हसलं नाही. पुढच्या डावात तपासनीसांनी बघितले, स्पर्धा नसली की तेही खेळतात. मग आणखी एकाने. भाऊजी, त्या टेबलावर पत्ते कुणालाच लक्षात राहत नव्हते. कित्येक वर्षं सगळे आठवल्याचा आव आणून बसले होते, आणि हे त्यांच्यातले एकटेच प्रामाणिकपणे सोडून देत होते.

शेवटी ब्लाइंड सेक्रेटरींवर आली. मी वाढवलं. त्यांनी फरक भरला. फ्लॉप पडला: सत्ती, पंजी, तिर्री. त्यांची बोटं पत्त्यांवर गेली, थांबली, परत मागे आली. वही बाहेर नव्हती. सगळे वाट बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. मला काय म्हणता आलं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तीनच शब्द होते आणि ते माझ्या जिभेवर आले होते.

"सावकाश चेक करा," मी म्हटलं. "आम्ही थांबतो."

त्यांनी कोपरे उचलले आणि दोनदा बघितलं. मग चेक म्हणाले, मी लावलं, आणि त्यांनी माझ्यावर वाढवलं.

मी पत्ते टाकले. चिल्लर फ्लॉप होता, त्यांचाच होता. संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढली आणि रिकाम्या खोलीला मोठ्याने सांगितलं, आज बरं झालं.

तुमची वहिनी

ता. क. "सप्तांग" तुम्ही दोन्ही वेळा बरोबर लिहिलंत. प्लास्टर निघालं की मी येते आहे. पत्त्यांचा जोड माझा.